गिरणीपर्यंत गेलेला भाला

“अण्णा, पळा लवकर! तुमच्या पाहुण्याच्या अंगात आलंय!”

ज्ञानू गुळव्या धापा टाकत माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि अनवाणीच गुऱ्हाळाकडं निघालो. जानेवारीची सकाळ, गुऱ्हाळ जोरात चाललेलं. बघतो तर काहिलीतल्या रसाला उकळी फुटलेली, वाफेचे लोट छपराला टेकलेले, आणि त्या वाफेत कंबरेला माझा पंचा गुंडाळून एक सहा फुटी पांढराफटक माणूस बसलेला. डोळे मिटलेले, हातात कडुलिंबाचा डहाळा. त्या डहाळ्यानं तो स्वतःच्याच पाठीवर सपासप मारून घेत होता.

भोवती पंधरावीस माणसं हात जोडून उभी होती. एका म्हातारीनं त्याच्यावरून लिंबू उतरून टाकलेलं. दुसरी पदर पसरून विचारत होती, “देवा, आमचा जावई पोरीला नांदवायला कवा न्येनार?”

देवानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि म्हणाला, “अण्णा. गुड.”

मग तो उठला, चार ढांगांत विहिरीच्या काठाशी गेला आणि पंच्यासकट आत उडी मारली.

“देव हिरीत ग्येला!” म्हातारी ओरडली.

मी लोकांना समजावलं की ह्यांच्या देशात असंच असतं. तापलेल्या लाकडी खोलीत बसायचं, पाल्यानं अंग झोडायचं आणि मग बर्फात लोळायचं. आपल्याकडं खोली नाही, बर्फ नाही. गुऱ्हाळ आहे आणि विहीर आहे. ज्ञानूनं सगळं ऐकून घेतलं. “पन जावयाचं काय ते त्यानं सांगितलं न्हाईच,” तो म्हणाला.

शहात्तर सालची गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत मोजणीदार होतो. दोन भावांच्या भांडणात बांध कुणाचा, हद्दीचा दगड कुठं पुरलेला, हे टेप टाकून सांगायचं काम. आमच्या मेढेगावात इंग्रजी बोलणारे दोघंच, मी आणि हायस्कूलचे खुरपे मास्तर. मास्तरांच्या घरात अकरा माणसं, म्हणून पाहुणा माझ्याकडं.

पाहुणा होता फिनलंडचा. नाव कालेवी रांताला, धंदा भालाफेक. एवढ्या गोऱ्या माणसाला गावानं दुसऱ्याच दिवशी ‘काळे पाहुणे’ करून टाकलं. त्यांच्या देशात म्हणे भालाफेक म्हणजे आपल्याकडची कुस्ती. पोरगं चालायला लागलं की हातात काठी देतात. हा त्यांचा एके काळचा मोठा पैलवान. पण वय झालं चौतीस आणि उजवा खांदा कुरकुरायला लागला. हिवाळ्यात तिकडं मैदानावर कंबरभर बर्फ, म्हणून दोन महिने पुण्याला पोरांना शिकवायला आला होता.

माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा. मी दहा हजार. आमचं छान जमलं. त्यानं मराठीतला एकच शब्द उचलला होता, बाजारात ऐकलेला: किती. भाकरी पुढ्यात आली की “किती?” एसटी दिसली की “किती?” माझी बायको म्हणायची, “तुमच्यापेक्षा बरा. निदान विचारतो तरी.”

त्या दिवशी विहिरीतून वर आल्यावर तो चुलाणाजवळ उकिडवा बसला आणि राखेत बोटानं दोन आकडे लिहिले. ८० आणि ३१, त्यांच्या अंकांत.

“ऐंशी मीटर,” तो म्हणाला. “एकतीस जानेवारी. कागद हवा. मग ऑलिंपिक.”

“आणि नाही झालं तर?”

त्यानं तळव्यानं राख सपाट केली.

हळूहळू उलगडलं ते असं. त्यांच्या संघटनेनं अट घातली होती की एकतीस जानेवारीच्या आत कुठल्याही मान्यताप्राप्त स्पर्धेत ऐंशी मीटर फेकून दाखव, पंचांच्या सहीचा कागद आण, नाहीतर तुझं नाव कटलं. आणि त्या तारखेच्या आत महाराष्ट्रात मान्यताप्राप्त स्पर्धा उरली होती एकच: आमची. ‘थोरवडे चषक तालुका क्रीडा महोत्सव’, सव्वीस जानेवारी. मान्यता कशी मिळाली विचारू नका. दूध संघाचे चेअरमन आबासाहेब थोरवडे जिल्हा संघटनेवर उपाध्यक्ष होते आणि चषक त्यांच्या वडिलांच्या नावाचा होता.

भालाफेकीचा पंच मी. का, तर तालुक्यात पोलादी टेप माझ्याकडंच होती.

सव्वीस तारखेला मैदानावर निदान चार हजार माणूस. झेंडावंदन झालं, लेझीम झालं. मग कालेवीनं पिशवीतून भाला काढला आणि तिथंच पहिला घोळ झाला.

“पूजा केल्याशिवाय हत्यार उचलायचं?” आबासाहेब स्टेजवरून गरजले. “मास्तर, काय हे!”

नारळ फुटला. भाल्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ बांधली गेली, शेपटाकडं लिंबू टोचलं. कालेवीनं सगळं शांतपणे होऊ दिलं. मग माळ सोडली, लिंबू काढून माझ्या हातात दिलं आणि रुमालानं मूठ पुसत बसला. पाच मिनिटं पुसत होता.

पहिली फेक गेली. मी टेप टाकली. ती तीस मीटरची, म्हणून तीनदा टाकावी लागायची.

“अण्णा, किती?” लांबून त्याची हाक आली.

मी वहीत बघून ओरडलो, “त्र्याहत्तर साठ!” आणि बोटांनी दाखवलं.

दुसरी गेली शहात्तरवर. त्यानं खांदा धरला. तिसरीसाठी तो मागं सरकतोय तोच माइकवर खुरपे मास्तर म्हणाले, “आता देणगीदारांचा सत्कार. पाहुण्यांनी कृपया थांबावं.”

देणगीदार एकोणीस. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, फेटा आणि दोन शब्द बोलायची विनंती. दोन शब्दांवर थांबला असा आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय. पाऊण तास कालेवी ऊन खात उभा. घाम वाळला, खांदा थंड पडला. तो दर पाच मिनिटांनी मला विचारायचा, “किती?” आणि मी उरलेले देणगीदार बोटांवर दाखवायचो. त्याच्या रागाला आवाज नव्हता. फक्त कान लाल व्हायचे. सतराव्या देणगीदारापर्यंत ते मिरचीसारखे झाले होते.

शेवटी मास्तरांनी हात केला. कालेवी मागं गेला. भाला कानाशी धरला आणि पळत सुटला.

मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या आहेत आणि न पाहिलेल्या त्याहून जास्त सांगितल्या आहेत. पण ही पाहिलेली. भाला हातातून सुटला तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदाच मोठा आवाज निघाला, रेड्यासारखा. भाला वर चढला, थरथरायचा थांबला आणि हवेवर आडवा पडून राहिला. चार हजार माणसांच्या माना एकदम वळल्या. मग टोक हळूच खाली झुकलं आणि भाला जमिनीत खच्चकन उभा राहिला. माझ्यापासून दहा पावलांवर.

मला टेप लावायची गरज नव्हती. माझ्या मोजणीदाराच्या डोळ्याला ऐंशी मीटर कुठं संपतात ते दिसत होतं आणि भाला त्याच्या पलीकडं होता.

मी पळालो. पण माझ्या आधी गाव पोचलं. “जिंकलं! काळे पाहुणे जिंकलं!” कुणीतरी भाला उपटला. कुणी त्याच्यावर गुलाल टाकला, हलगी वाजायला लागली आणि भाल्याची मिरवणूक निघाली. दुसऱ्या घोळक्यानं कालेवीला खांद्यावर घेतलं. त्याच्या डोक्याला फेटा बांधला तो डोळ्यांवर उतरला, आणि तो आंधळ्या राजासारखा हात पसरून स्टेजकडं निघाला.

मी मात्र धंद्याचा माणूस. भाला उपटल्याबरोबर गर्दीत घुसून त्याच्या भोकात माझा कचेरीचा लोखंडी खिळा ठोकला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिलो. चार धक्के खाल्ले, पाय हलवला नाही. गर्दी ओसरल्यावर टेप टाकली. एकदा, पुन्हा एकदा. ब्याऐंशी मीटर चौदा सेंटिमीटर. वहीत लिहिलं. मग सवयीनं खिळा उपटून खिशात टाकला. सरकारी खिळा, तो परत जमा करावा लागतो.

स्टेजवर पोचतो तर माइकवर मास्तर घसा फोडत होते, “शंभर! बंधुभगिनींनो, शंभर मीटर! मेढेगावच्या मातीत आज शंभर मीटर!”

गावात आकड्याला पाय फुटतात, हे तुम्हाला सांगायला नको.

मी आबासाहेबांच्या कानाशी लागलो. “आबासाहेब, शंभर नाही. ब्याऐंशी चौदा. त्याला ऐंशीच हवेत. काम झालंय.”

“अण्णा,” आबासाहेब माइकवर हात ठेवून म्हणाले, “एकदा जाहीर झालेला आकडा मागं घ्यायचा? ह्या स्टेजवरून? आणि तसंही शंभर हा काय आकडा झाला? लग्नात शंभराचा आहेर कुणी देतं का? वर एक ठेवावाच लागतो. एकशे एक लिहा.”

“अहो, मैदानच शहाण्णव मीटरचं आहे! पुढं भिंत, मग रस्ता, मग बाबूची गिरणी.”

“मग गिरणीपर्यंत गेला म्हणा की.”

बाबू गिरणीवाला तिथंच उभा होता, पिठानं पांढरा झालेला. “व्हय आबासाहेब,” तो लगेच म्हणाला. “माझ्या भिताडाचा पोपडा उडाला की. म्या सोता बघितलं.”

एवढ्यात कालेवीनं दोन बोटांनी फेटा वर सरकवला. गळ्यात अकरा हार, मांडीवर तीन नारळ. त्याला गर्दीत मी सापडलो. त्याचे डोळे मी आधी कधी असे पाहिले नव्हते. परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे.

“अण्णा. किती?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “वन झीरो वन!”

कालेवी हसला. सहा दिवसांत पहिल्यांदा. त्याला वाटलं आपली गंमत चाललीय. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. बाबू गिरणीवाला तर गंभीरपणे मान हलवत होता. कालेवीचे कान हळूहळू लाल झाले.

“नो,” तो म्हणाला. “अण्णा. किती?”

वही माझ्या हातात होती. आबासाहेब माझ्याकडं बघत होते, मास्तर बघत होते. चार हजार माणसं एकशे एकवर टाळ्या पिटत होती.

“वन हंड्रेड अँड वन, सर,” मी म्हणालो.

तो उठला. हारांसकट स्टेजवरून उतरला आणि मैदानावर गेला. जिथं भाला पडला असेल असं त्याला वाटत होतं तिथं गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती चाचपत पुढं सरकायला लागला. भोक शोधत होता. पण भोकं काय एक होती? तिथं मांडवाच्या बांबूंची भोकं होती, लेझीमवाल्यांच्या टाचांची होती, आदल्या आठवड्यात बांधलेल्या म्हशींच्या खुंट्यांची होती. वर हजार पावलं आणि बोटभर गुलाल. तो प्रत्येक भोकात बोट घालून बघत होता. खोली बघायचा, मान हलवायचा, पुढं सरकायचा.

स्टेजवर आबासाहेबांनी माइक हातात घेतला. “बघा! बघा बंधूंनो! सातासमुद्रापलीकडचा माणूस, पण आपल्या मातीला कसा लोटांगण घालतोय!”

पुन्हा टाळ्या झाल्या.

दुपारी पंचनामा झाला. ‘आम्ही खाली सह्या करणारे पाच पंच असे लिहून देतो की, सदर भाला आमच्या समक्ष फेकण्यात आला व तो एकशे एक मीटर अंतर कापून गिरणीच्या भिंतीस लागला.’ पहिली सही आबासाहेबांची, शेवटची माझी. बाबूनं अंगठा उठवला, त्याबरोबर थोडं पीठही उठलं. मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं. त्यावर दूध संघाचा, ग्रामपंचायतीचा, हायस्कूलचा आणि गुरांच्या दवाखान्याचा असे चार शिक्के बसले; शेवटचा, कारण शाईचा ठोकळा त्या दवाखान्यातून आणला होता. आणि मास्तरांनी हौसेनं फिनलंडला तार ठोकली. पाहुणा घरी पोचायच्या आत त्याचा पराक्रम पोचायला हवा.

संघटनेच्या छापील कागदात एक ओळ होती: मैदानाचा नकाशा जोडावा. ते काम माझं. संध्याकाळी घरी बसून मी नकाशा काढला. पाच मीटरला एक सेंटिमीटर, प्रमाण खाली लिहून. कालेवी ओट्यावर पाठमोरा बसला होता. पिशवी भरलेली. बायकोनं त्याच्यापुढं पिठलंभाकरी ठेवली. त्यानं “किती?” विचारलं नाही.

नकाशाची घडी घालून मी पाकिटात ठेवली. सकाळी एसटीच्या फाट्यावर आबासाहेबांनी त्याला आणखी एक शाल पांघरली. त्यानं माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला. खिडकीतून त्यानं मागं पाहिलं नाही. मी तरी काय पाहिलं, मी आबासाहेबांच्या चपलांकडं बघत होतो.

त्या वर्षीच्या ऑलिंपिकला त्याचं नाव नव्हतं. हे मला पेपरातून कळलं. गावाला सांगितलं नाही, आणि गावानं विचारलंही नाही. गाव पाटी बसवण्यात गुंतलं होतं. संगमरवरी पाटी, ‘श्री. काळे (फिनलंड) यांचा जागतिक उच्चांक, १०१ मीटर’. मैदान शहाण्णववर संपत असल्यामुळं ती बाबूच्या गिरणीच्या भिंतीवर लावावी लागली. पाटीखाली बाबूनं पहारीनं एक भोक पाडलं. परगावची माणसं दळण घेऊन आली की त्यात बोट घालून बघतात. “केवढं आत गेलंय हो!” म्हणतात.

बारा वर्षांनी मला एक जाड पाकीट आलं. वर परदेशी तिकीट. आत मी काढलेला नकाशा, घड्यांवर फाटायला आलेला, आणि इंग्रजीत टाइप केलेलं पत्र. छोटंच होतं.

‘प्रिय अण्णा, संघटनेच्या लोकांनी तुमची तार वाचली आणि खूप हसले. एकानं विचारलं, हत्तीच्या पावलांनी मोजलं का. पाकीट न उघडता मला परत दिलं. मीही उघडलं नाही. नंतर अकरा वर्षं लाकडाची लॉरी चालवली. गेल्या महिन्यात कपाट आवरताना नकाशा सापडला. त्यावर एक बारीक ठिपका होता, टाचणी टोचल्यासारखा, आणि त्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. नाव नाही, आकडा नाही. मी पट्टी लावली. सोळा सेंटिमीटर आणि थोडं वर. पाचनं गुणलं. ब्याऐंशी. त्या वर्षी संघात शेवटचा घेतला त्याचा आकडा ऐंशी चाळीस होता. ही तक्रार नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, किती. आता उत्तर मिळालं. कालेवी.’

ठिपका मीच टोचला होता. आबासाहेबांना प्रमाण वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तिकडं कुणीतरी पट्टी लावेल, असं वाटलं होतं.

आता शंभर हा आकडा कुठून आला ते सांगतो. भोकापासून स्टेजकडं निघालो तेव्हा वाटेत बाबू आडवा आला. “अण्णा, किती गेला वो?” हातात वही, वहीत ब्याऐंशी चौदा. आणि माझी जीभ म्हणाली, “शंभराला टेकला की!” बाबू पळाला. तो माझ्या आधी माइकपाशी पोचला. ह्या जिभेनं आजवर पाण्यातल्या बिनविषारी विरोळ्याचा नऊ फुटी नाग केलाय आणि सशाचा बिबट्या. हातानं मोजलेलं माझं कधी चुकलं नाही, तोंडानं मोजलेलं कधी बरोबर आलं नाही. बदलीची भीती होती, आबासाहेबांचा धाक होता, असं मी स्वतःलाच पुष्कळदा सांगितलंय. तेही तोंडानंच मोजलेलं. स्टेजवर त्यानं विचारलं तेव्हा चार हजार माणसं माझ्या आकड्यावर टाळ्या वाजवत होती, आणि मला त्या आवडल्या होत्या.

हे सगळं मी परवा पहिल्यांदा सांगितलं, खुरपे मास्तरांना. मास्तर आता ब्याऐंशीचे आहेत, योगायोग बघा. गिरणीच्या पायरीवर बसलो होतो, डोक्यावर ती पाटी. मी नकाशा उलगडला, पत्र वाचून दाखवलं, ठिपक्यावर पट्टी लावून दाखवली. मास्तरांनी चष्मा पुसला, पत्र उलटंपालटं केलं, तिकीट नखानं खरवडून बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“अण्णा, गोष्ट फक्कड जमलीय,” ते म्हणाले. “गुऱ्हाळ बेस, लॉरी बेस. ते पत्र तर डोळ्यांत पाणी आणतं. पण तेवढा ब्याऐंशीचा आकडा बदला. कुणाला पटायचा नाही.”